कोतवाल पंजीतील ‘ताप’

जातपडताळणीसाठी पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणलेला रुग्ण आमच्या चिकित्सालयात वरचेवर येतो. जातीचा रकाना पाहून झाला की त्याची नजर मृत्यूच्या कारणाकडे वळते आणि कागद पुढे सरकवून तो विचारतो, ‘‘वैद्यराज, हा कोणता ताप?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी अनेक जण फार घाईने देतात, असे आमचे मत आहे.

भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना जन्ममृत्यूची वर्दी गावचा कोतवाल पोलीस ठाण्यावर देत असे. रोगी त्याने तपासलेला नसे. घरच्यांनी सांगितलेले तो सांगे आणि लिहिणारा ते ठरलेल्या मोजक्या सदरांत बसवी. हैजा, देवी, प्लेग, हगवण, श्वसनविकार, अपघात. यांत न बसणारे बहुधा ‘ताप’. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत व वऱ्हाडास देशातील बहुतेक प्रांतांहून अधिक झोडपले. तरी त्या वर्षीच्या मृत्यूंचा फार मोठा भाग सरकारी आकड्यांत तापाच्याच सदरात पडला.

हे ठाऊक असूनही आपले काही वैद्यबंधू पंजीतला ‘हैजा’ वाचताच ‘विसूचिका’ म्हणून मोकळे होतात. माधवनिदानात विसूचिका अग्निमांद्य-अजीर्णाच्या प्रकरणात येते, हे त्यांनी एकदा पुन्हा उघडून पाहावे. दुसरा वर्ग त्याहून उत्साही. पंजीत मधुमेह किंवा कर्करोग आढळत नाही, म्हणून ते पूर्वजांना नव्हतेच, असे तो व्याख्यानांत सांगतो. ज्या रोगाला सदरच नव्हते, तो त्या कागदावर उमटणार कसा? (औषधांच्या जाहिरातींत हा युक्तिवाद वापरणाऱ्या औषधालय-मालकांनीही याचा विचार करावा.)

याहून गंभीर बाब निराळीच आहे. आपला जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात मोडतो. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. म्हणजे त्यापूर्वीच्या कोणत्याही पंजीत हे नाव असणे शक्य नाही. एकाच घरातील लहान मुले ओळीने ‘ताप’, ‘कावीळ’, ‘सूज’ अशा कारणांनी गेलेली दिसली, तर त्यामागे हिवताप असेल, विषमज्वर असेल किंवा सिकलसेलही असेल. कागदावरून ते ठरत नाही आणि ठरवूही नये. परंतु समोर बसलेल्या पणतवाचे रक्त तपासता येते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी समाविष्ट आहे. विवाहयोग्य मुलामुलींच्या घरी तर ती आधी करावी. पांडुरोग म्हणून लोहकल्पांची पुडी बांधून त्यांना परत पाठवणे आम्हास रुचत नाही.

कोतवालास नावे ठेवण्यापूर्वी आपण काय लिहितो, तेही पाहू. नमुना ४ अ मध्ये तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि मूळ व्याधी यांसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या हाती आलेल्या एका दाखल्यावर पहिल्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच होते. खालच्या ओळी कोऱ्या होत्या. मृत व्यक्ती बारा वर्षे मधुमेही होती, हे आम्हास तिच्या सुनेने सांगितले.