भंगार आणि भक्ती

हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा दर दिवाळीला फराळाला येतो, हॉलमधल्या दोन लाकडी पेट्यांकडे बघतो आणि म्हणतो, "मामा, ही अडगळ किती दिवस सांभाळणार? मी घेऊन देतो की एक ब्लूटूथवाला." त्याच आठवड्यात माझे एक स्नेही येतात. ते त्याच पेट्यांपुढे गाभाऱ्यात उभं राहावं तसे उभे राहतात आणि डोळे मिटून म्हणतात, "असा आवाज आता होणे नाही." जुन्या स्पीकरबद्दल बोलणारी माणसं बहुतेक या दोन पंथांतली असतात. मला दोन्ही पंथांचं खंडन करायचं आहे, आणि पेट्या मात्र ठेवायच्या आहेत.

आधी पेट्यांची ओळख. काका मस्कतला होते. १९७९ साली कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या सामानात ही जपानी जोडी होती. बारा इंची वूफर, मधे मिडरेंज, वर ट्वीटर, सगळीकडून बंद पेटी. एकेकीचं वजन पंचवीस किलोच्या घरात. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की जुन्या बाजारात भाव चढतो आणि मला अजून एक जोडी हवी आहे. आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे आधीच कबूल करून टाकतो.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे: तंत्र पुढे गेलं, तेव्हा जुनं बाद. फोनच्या आणि टीव्हीच्या बाबतीत हे खरं. स्पीकरच्या बाबतीत अर्धंच खरं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला कोन, वेटोळ्यातून वीज गेली की कोन मागेपुढे हलतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना भाच्याच्या ब्लूटूथ डब्यातही तीच आहे. पुढे गेलं ते मोजमाप. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले आणि दाखवून दिलं, की समोर सपाट आणि बाजूंनाही सुरळीत आवाज देणारा स्पीकरच बहुतेकांना आवडतो. त्या कसोटीवर आजचे मध्यम किमतीचे कितीतरी स्पीकर माझ्या जोडीला मागे टाकतील. हे मी भाच्याला तोंडावर सांगतो.

पण एक गोष्ट मोजमापाने बदलत नाही, ती म्हणजे हवा. केएलएच नावाच्या अमेरिकन कंपनीतला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावाचा एक नियम या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. छोट्या पेटीची संवेदनशीलता ८३ डेसिबल आणि जुन्या मोठ्या पेटीची ९२ धरली, तर तेवढाच आवाज काढायला छोटीला आठपट वॅट लागतात. आजच्या डब्यात ते वॅट फुकटात मिळतात, खरं आहे. पण तीन इंची कोन किती हलणार? म्हणून आतली चिप आवाज वाढवला की गुपचूप खर्ज कापते. तबल्याची लग्गी रंगात यावी, तुम्ही आवाज वाढवावा, आणि नेमका तेव्हाच डग्गा आक्रसावा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती ही डबी. पण तिखट तेवढंच, खालचं अन्न नाही.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. जवारीमुळे त्या तारेच्या वरच्या स्वरांशांचाच बोलबाला असतो, मूळ स्वर तसा क्षीणच. छोट्या डब्यातून तो नाहीसा झाला तरी कान वरच्या स्वरांशांवरून त्याचा अंदाज बांधतो, आणि खर्ज ऐकल्यासारखं वाटतं. मोठ्या बंद पेटीतून मात्र तो येतो, आणि येतो तो पायांखालच्या फरशीतून. गायक षड्जावर येऊन थांबला की खोलीतली हवा क्षणभर जड होते. हे मी गहिवरून लिहीत नाही. बारा इंची कोन किती हवा ढकलतो याचा हिशेब कुणीही घालू शकतो.

आता भाच्याचा दुसरा शब्द: भंगार. चार वर्षांपूर्वी आषाढात उजव्या वूफरमधून खरखर सुरू झाली. जाळी काढली, कोनाभोवतीच्या फोमच्या कड्याला बोट लावलं, तर बोट आरपार गेलं. हाताला काळा चिकट लगदा, ओल्या काजळासारखा. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या ओलाव्याने विरत जातो. स्पीकर वापरा की कपाटात ठेवा, त्याला फरक पडत नाही. एकट्या त्या कड्यापायी सबंध पेटी रस्त्यावर जायची, कारण बघणाऱ्याला कोन लोंबकळताना दिसतो आणि तो म्हणतो, गेला.

गेला नव्हता. जुना फोम ब्लेडने खरवडला, उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. मधली डस्ट कॅप कडेने अलगद कापून उचलली आणि कॉइल व चुंबकाचा मधला दांडा यांच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल बरोबर मधोमध राहते. (आईच्या गुडघ्याचा एक्स-रे असा कामी आला, डॉक्टरांना दाखवायचं राहिलं नव्हतं.) नवं कडं चिकटवलं, चोवीस तास हात लावला नाही. मग पट्ट्या काढल्या, कोनावर दोन बाजूंनी बोटं ठेवून हलकेच दाबलं, कान लावला. कुठेही घासत नव्हतं. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. भाच्याने आधी कधीतरी दिलेला ब्लूटूथचा डबा त्याच सुमारास बॅटरी फुगून बंद पडला. तो उघडायला गेलो तर त्याला स्क्रूच नव्हता, सगळं डिंकाने बंद. आता सांगा, भंगार कुणाला म्हणायचं?

इथे माझे स्नेही टाळी वाजवतात, म्हणून त्यांच्याकडे वळतो. त्यांच्याशी माझं भांडण जास्त जुनं आणि जास्त कडू आहे. फोमनंतर मी क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर बदलायला काढले, तर ते कळवळून म्हणाले, "नको! मूळची ऊब जाईल." ऊब म्हणजे काय, हे मीटरने दाखवलं. ट्वीटरला जाणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून सुकतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि वरचे स्वर ट्वीटरपर्यंत पोचेपर्यंत लंगडतात. ज्याला मऊपणा, गोडवा, ऊब म्हणून लोक नावाजतात ते बऱ्याचदा हे आजारपण असतं. मी एका पेटीत नवे फिल्म कपॅसिटर घातले, दुसरी तशीच ठेवली, आणि स्नेह्यांना पाठमोरं बसवून विचारलं, मूळची कुठली? त्यांनी बेधडक नव्या कपॅसिटरच्या पेटीकडे हात केला. एका चाचणीने सिद्धांत होत नाही हे मलाही कळतं. पण त्यानंतर ऊब हा शब्द आमच्या घरात निघाला नाही.

भक्तीची परमावधी पाहायची तर बीबीसीचा एलएस३/५ए घ्या. १९७० च्या दशकात बीबीसीला बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या मोटारीत मावेल असा मॉनिटर हवा होता. म्हणून पाचेक लिटरची पेटी, केईएफचा पाच इंची बी११० आणि टी२७ ट्वीटर, आणि परवाना रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा वेगवेगळ्या कंपन्यांना. माणसाचा आवाज तो अप्रतिम काढतो, यात वाद नाही. पण अडचणीच्या जागेसाठी घडवलेल्या या औजाराची आज लाखालाखात खरेदी होते, दोन्ही पेट्यांचे क्रमांक लागोपाठचे आहेत का हे भिंग लावून पाहिलं जातं, आणि खोल खर्ज त्यात नाही असं कुणी म्हटलं तर पाखंड! हॉफमनचा नियम बीबीसीलाही सुटला नाही, बाबा.

शिवाय जुनं सगळं एका काळचं नसतं. भोकाच्या पेटीचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण जगाने ते वाचलं १९७१ मध्ये, जेव्हा ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ते पुन्हा छापलं गेलं. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं. त्याआधीच्या भोकाच्या पेट्या बऱ्याच अंशी अंदाजाने आणि कानाने जुळवलेल्या. त्यांतल्या काही सुरेख आहेत, बाकीच्यांचा खर्ज म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल दोन गल्ल्या सोडून ऐकावा तसा. बंद पेटीचं एडगर विल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ मध्ये दाखवलेलं तंत्र त्या मानाने निर्धोक. वय बघून नमस्कार करणाऱ्याने निदान पेटीला भोक आहे का, एवढं तरी बघावं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच: जुना स्पीकर उघडता येतो म्हणून घरात ठेवावा, आणि उघडून बघितल्याशिवाय त्याची स्तुती करू नये. जो उघडता येत नाही तो कितीही थोर असो, मी नमस्कार करून लांब राहतो. क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक हा आजही ऐकायला जीव टाकावा असा स्पीकर. पण त्याच्या खर्जाच्या पडद्यांवर सहा हजार व्होल्ट असतात, आणि कोकणातल्या दमट, धुळीच्या हवेत ते व्होल्ट नको तिथे वाट शोधतात. यामाहाच्या १९७४ च्या एनएस-१०००एमचे घुमट बेरिलियमचे. फुटले तर त्याची भुकटी विषारी, हात लावायची सोय नाही. रबराचं किंवा कापडाचं कडं, कागदाचा कोन, मागे चार स्क्रू, असा सामान्य घराण्यातला स्पीकर घ्यावा.

परवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात तसा एक दिसला. ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, सायकलची चेन आणि मधे आठ इंची वूफरची पेटी. रबराचं कडं शाबूत. खिशातला दीड व्होल्टचा सेल काढला, तारेच्या दोन तुकड्यांनी मागच्या टर्मिनलना क्षणभर टेकवला. सेलचं धन टोक लाल टर्मिनलला लावलं की कोन पुढे यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये तेवढा मागे जातो. इथे तो टक् आवाज करून पुढे आला. दुकानदार आत्तापर्यंत मोबाइलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली, कोनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सहाशेचे अकराशे सांगितले.