दोन डॉलरचा दावा

कॅनडात केंद्र सरकारविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावायचा तर फी दोन डॉलर. टोरांटोत तेवढ्यात धड कॉफीही मिळत नाही. या दोन डॉलरच्या बळावर 2014 च्या सुरुवातीला शेकडो लोकांनी एकामागून एक दावे दाखल केले. वकील कुणाकडेच नव्हता. मागणी एकच होती: आमचं औषध आम्हाला घरी पिकवू द्या. औषध म्हणजे गांजा.

थोडं मागे जावं लागेल. 2000 साली ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने टेरी पार्कर या अपस्माराच्या रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. औषध म्हणून गांजा लागणाऱ्याला तुरुंगाची भीती घालणं घटनेत बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. सरकारला नियम करावे लागले. 2001 पासून परवानाधारक रुग्णाला स्वतः रोपं लावता येऊ लागली, नाहीतर आपल्यासाठी दुसऱ्या कुणाला लावायला सांगता येऊ लागलं. मग 2013 मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने हे सगळं गुंडाळायला काढलं. 1 एप्रिल 2014 पासून घरची लागवड बंद, माल परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायचा, तोही टपालाने. तोवर परवानाधारकांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली होती. बदलाची माहिती द्यायला आरोग्य खात्याने चाळीसेक हजार पत्रं पाठवली आणि पाकिटावरच वैद्यकीय गांजा योजनेचं नाव छापलं. म्हणजे जे डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं. त्या पाकिटांवरून वेगळा सामूहिक दावा झाला, त्यात वादींनी नावं बदलून घेतली होती.

दोन डॉलरवाल्यांना ती चैन नव्हती. त्यांना अर्जावर आपलं खरं नाव, खरा पत्ता लिहून सही करायची होती.

हे अर्ज त्यांनी स्वतः लिहिलेले नव्हते. ते लिहिले होते ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डच्या जॉन टर्मेल या गृहस्थाने. शिक्षणाने इंजिनिअर, कायद्याची पदवी नाही. शंभरावर निवडणुका लढवून हरल्याचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर आहे. हरण्याची एवढी सवय असलेला माणूस कोर्टाला घाबरेल कसा? त्यांनी अर्जाचा नमुना तयार केला. रिकाम्या जागा भरा, सही करा, दोन डॉलर भरा, झालात वादी. लोक त्याला 'किट' म्हणत.

त्याच वेळी व्हँकूव्हरमध्ये दुसरा दावा चालू होता. वकील जॉन कॉनरॉय, या विषयात मुरलेले. वादी चार, त्यातले पहिले नील अलार्ड, म्हणून तो अलार्ड खटला. 21 मार्च 2014 रोजी, म्हणजे नवे नियम पूर्ण लागू व्हायला दहा दिवस उरले असताना, फेडरल कोर्टाने अलार्डमध्ये अंतरिम हुकूम दिला: ज्यांच्याकडे परवाने आहेत त्यांची घरची लागवड निकालापर्यंत चालू राहील. देशभर आनंद झाला. मग लोकांनी हुकूम नीट वाचला.

लागवडीचा परवाना 30 सप्टेंबर 2013 या तारखेला किंवा त्यानंतर वैध असला पाहिजे, अशी अट होती. ज्याचा परवाना आधी संपला तो बाहेर. परवाना जागेशी बांधलेला, पत्ता बदलण्याची सोय हुकुमात नाही. म्हणजे ज्याने घर बदललं तोही अडकला. शिवाय जवळ बाळगायची मर्यादा 150 ग्रॅम. कहर म्हणजे अलार्डच्या चार वादींपैकी दोघांना या हुकुमाचा काही उपयोग नव्हता. ज्यांच्या नावाने दावा चालला तेच दाराबाहेर!

भांडणाला तोंड फुटलं ते इथे. किटवाल्यांच्या बाजूने आरोप आला: वकिलांनी मागितलंच कमी, म्हणून मिळालं कमी. टर्मेल यांनी कॉनरॉय यांच्यावर उघड टीका केली, आणि त्यांची भाषा मवाळ नसते. उलट बाजूचं म्हणणंही सोपं होतं: आम्ही वैद्यकीय पुरावा, तज्ज्ञांच्या साक्षी, वीजजोडणी-बुरशी-आगीचे अहवाल गोळा करतोय, आणि तुम्ही रिकाम्या जागा भरून तोच कागद शेकड्याने कोर्टात ओतताय. एखादा दावा फेटाळला गेला की तो निकाल आमच्या अंगावर येणार.

चळवळीतल्या अशा भांडणांना आपण चटकन अहंकाराचं लेबल लावतो. फाटाफुटीचे धडे घ्यायला मराठी माणसाला कॅनडापर्यंत जायचंही कारण नाही. पण हे कागद वाचताना मला अहंकारापेक्षा त्या अंतरिम हुकुमातली तारीख आणि पत्त्याची अट जास्त खटकत राहिली. काल एका रांगेत उभ्या असलेल्या दोन रुग्णांमधून ती रेघ गेली. एकाला बाग मिळाली. दुसऱ्याने ऑक्टोबरमध्ये भाडेकरार संपला म्हणून घर बदललं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. या दुसऱ्याला 'जरा थांब, मोठा निकाल येऊ दे' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या बातम्या करत होतो तेव्हा स्वतःची केस स्वतः चालवणारे एक काका भेटायचे. कापडी पिशवीत झेरॉक्सचे सेट, भेटेल त्याच्या हातात एक. बिल्डरशी वाद होता. त्याच इमारतीतले आणखी एकजण त्याच बिल्डरविरुद्ध लढत होते, वकील देऊन. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मी विचारलं, एकत्र का नाही लढत? काका म्हणाले, "त्यांनी पार्किंगवर तडजोड केली. माझं पार्किंगच तर गेलंय." बाकी तासभर ते जे बोलले ते मी विसरलो, हे मात्र लक्षात राहिलं. वकील देणाऱ्याला एखादी मागणी सोडणं जमतं, कारण सोडण्याचा सल्ला देणारा कुणीतरी समोर बसलेला असतो. काकांना सल्ला देणारे काकाच.

तरी किटवाल्यांचं एक मला पटत नाही. प्रत्येकजण 'माझा खटला' म्हणत होता आणि प्रत्येकाच्या कागदावर शब्द एकाच माणसाचे होते. व्हायचं तेच झालं. न्यायमूर्ती फेलन यांनी हे सगळे दावे एका गठ्ठ्यात घातले आणि अलार्डचा निकाल लागेपर्यंत स्थगित केले. कॉनरॉयच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांचं भवितव्य त्याच कॉनरॉयच्या युक्तिवादावर टांगलं गेलं.

एकट्याने उभं राहणाऱ्यांची कॅनडातली परंपरा जुनी आहे. 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गांजाबंदीविरुद्ध तीन अपिलं एकत्र आली. व्हिक्टर केनकडे अर्धा ग्रॅमची एक ओढलेली सिगारेट सापडली होती. त्याचे वकील हेच कॉनरॉय. क्रिस्टोफर क्लेचं हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाच्या, वस्तूंचं दुकान होतं, त्यालाही वकील होता. डेव्हिड माल्मो-लेव्हिन मात्र स्वतः उभा राहिला, हेम्पचे कपडे घालून. जॉन स्टुअर्ट मिलचं तत्त्व त्याने मांडलं: दुसऱ्याला इजा होत नसेल तर सरकारने मध्ये पडू नये. वर असंही म्हणाला की गांजाची आवड ही माणसाची ओळख आहे, तिला समानतेचं संरक्षण द्या. जीवनशैलीच्या स्वातंत्र्यावर बोलताना कोर्टाने तेलकट खाण्याची हौस आणि गोल्फचं वेड यांची उदाहरणं देऊन विचारलं, घटना कशाकशाला पुरणार? तिन्ही अपिलं फेटाळली गेली. तीन न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं, पण त्याचा लाभ माल्मो-लेव्हिनला नाही. अर्ध्या ग्रॅमवाल्याबद्दल मन द्रवलं, तत्त्ववेत्त्याबद्दल नाही. मिलवर इतकी पानं मात्र त्या निकालात त्याच्यामुळेच आली.

दक्षिण आफ्रिकेत नशीब वेगळं निघालं. गॅरेथ प्रिन्स हा गांजा पवित्र मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचा तरुण कायदा शिकला, पण गांजा बाळगल्याच्या दोन शिक्षा नावावर असल्याने त्याला वकिलीची उमेदवारी करू दिली नाही. 2002 मध्ये घटना न्यायालयात तो पाच विरुद्ध चार असा हरला. पुढे तोच माणूस, वकील न होताच, पुन्हा कोर्टात उभा राहिला. जेरेमी ॲक्टन आणि जोनाथन रुबिन यांचे वेगळे दावे त्याच्याबरोबर जोडले गेले, आणि 18 सप्टेंबर 2018 रोजी घटना न्यायालयाने प्रौढांना खासगी जागेत गांजा पिकवायची आणि ओढायची मुभा दिली. विक्री नाही. प्रिन्सने भांडण सुरू केलं होतं धर्मस्वातंत्र्यावर, जिंकला खासगीपणाच्या हक्कावर.

आपल्याकडे वकिलाविना येणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयात आधी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावं लागतं. हा माणूस स्वतः बाजू मांडू शकेल का, हे ती तपासते. आणि ऊठसूट दावे लावणाऱ्यांना आवरायला महाराष्ट्रात 1971 पासून स्वतंत्र कायदा आहे. टर्मेल यांच्यावर तशी वेळ 2022 मध्ये आली. फेडरल कोर्टाने त्यांना उपद्रवी दावेखोर ठरवलं आणि दुसऱ्यांसाठी अर्जाचे नमुने बनवून वाटायलाही मनाई केली. किट बंद. कोर्टाची कंटाळलेली कारकून मंडळी डोळ्यांपुढे आणली तर हुकूम समजतो. पण वकिलाची फी ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला नमुना तरी कुणी द्यायचा, हा प्रश्न काही त्या हुकुमाने सुटत नाही.

अलार्डचा निकाल 24 फेब्रुवारी 2016 रोजी लागला. फेलन यांनी घरच्या लागवडीवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, ऑगस्टमध्ये नवे नियम आले, आणि 17 ऑक्टोबर 2018 पासून तर कॅनडात प्रौढांसाठी गांजाच कायदेशीर झाला. राहिले 150 ग्रॅम. अलार्डच्या वकिलांनी त्या मर्यादेवर युक्तिवाद केला होता, तो फेलन यांना पटला नाही. किटवाल्यांनी पुढे तीच मर्यादा पुन्हा कोर्टात नेली. रुग्णांसाठीच्या नियमात ती अजून आहे.