परत तिथेच?

२०१८ च्या गणपतीतली गोष्ट. आमच्या मोठ्या दिरांकडे दुपारची पंगत उठली होती. मोदक जरा जास्तच झाले होते. सगळी मंडळी भिंतीला पाठ टेकून सुपारी कातरत बसली होती. बोलता बोलता विषय निघाला दिवाळीच्या सुट्टीचा. कुणी अंदमानचे बुकिंग केले होते, कुणाचे केरळ ठरत होते. माझ्या नणंदेने माझ्याकडे वळून विचारले, "वहिनी, तुमचं काय? की परत तिथेच?"

त्या ‘तिथेच’वर तिने असा काही जोर दिला की खोलीत हशा पिकला. आम्हीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

‘तिथेच’ म्हणजे खोपोलीला. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली ‘इमॅजिका’ नावाचे मोठे मनोरंजन उद्यान सुरू झाले. आमची मुलगी बालवर्गात होती तेव्हा, म्हणजे २०१४ मध्ये, आम्ही प्रथम तिथे गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आजवर अकरा वेळा झाले. डोंबिवलीहून सकाळची खोपोली लोकल, पुढे रिक्षा, दिवसभर उद्यान आणि रात्री पेंगुळलेल्या पोरीला खांद्यावर टाकून परत, असा आमचा ठरलेला कार्यक्रम.

लोकांना याचे सुरुवातीला कौतुक वाटले, मग नवल वाटले आणि पुढे पुढे चेष्टा सुरू झाली. "पैसे जास्त झालेत वाटतं!" "लहान मुलांचं ठीक आहे हो, तुम्हा मोठ्यांना तिथे काय?" "तेवढ्या पैशांत गोवा झाला असता की!" ही सारी वाक्ये मला पाठ झाली आहेत.

या प्रश्नांवर मी एक पळवाट काढली होती, ती इथे कबूल करते. खोपोलीच्या वाटेवर महड लागते. तिथला वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. एकदा जाताजाता आम्ही दर्शन घेतले होते. तेव्हापासून कुणी विचारले की मी बिनदिक्कत सांगू लागले, "महडला गेलो होतो, दर्शनाला." आणि काय गंमत पाहा, महडला दरवर्षी का जाता, असे मला कुणी कधीही विचारले नाही. उलट, "वा, छान! नेम चुकवू नका," असेच ऐकायला मिळाले.

ही युक्ती मला फार हुशारीची वाटत होती. त्या दिवाळीनंतर मुलीच्या शाळेची निबंधाची वही हाती आली तोपर्यंत. ‘सुट्टीत मी काय केले’ हा विषय होता. लेकीने लिहिले होते, ‘आम्ही महडला देवदर्शनाला गेलो. मला फार आनंद झाला.’ खाली बाईंचा लाल शेरा होता, ‘सुंदर!’

तिला आनंद झाला होता तो जलप्रवासात अंगावर पाणी उडाल्याचा, अलीबाबाच्या गुहेत बापापेक्षा जास्त नेम लागल्याचा आणि संध्याकाळच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे उभे राहायला मिळाल्याचा. त्यातले एक अक्षरही निबंधात नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तूच तर असं सांगतेस ना सगळ्यांना? नाहीतर हसतात."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. लोकांच्या हसण्याने माझे काही बिघडले नव्हते. पण आपल्याला जे आवडते ते चारचौघांत लपवायचे असते, हा धडा आठ वर्षांच्या पोरीला मीच घरात बसून शिकवला होता.

तेव्हापासून या टीकेचा मी जरा गंभीरपणे विचार करू लागले. पहिला प्रश्न असा की, एकाच ठिकाणी पुन्हा जाण्यात लोकांना खटकते तरी काय? आपल्या बोलण्यातच त्याचे उत्तर असावे. हल्ली आपण ठिकाणांना ‘जात’ नाही, ठिकाणे ‘करतो’. "गेल्या वर्षी राजस्थान केलं, यंदा काश्मीर करायचंय." जे एकदा केले ते संपले, वहीत त्यावर खूण झाली. अशा हिशेबात एकाच ठिकाणी अकरा वेळा जाणारा माणूस म्हणजे एकाच इयत्तेत अकरा वर्षे बसलेला विद्यार्थी!

पण हा हिशेब आपला जुना नव्हे. आषाढीची वारी दरवर्षी त्याच वाटेने त्याच पंढरीला जाते. कोकणातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला त्याच गावच्या त्याच घरात उतरतो. ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांवर प्रयोग झाले, ते दर वेळी नव्या प्रेक्षकांच्या जोरावर झाले नाहीत. कितीतरी माणसे तेच विनोद पाठ असताना पुन्हा तिकीट काढून गेली. वारीच्या पंक्तीला करमणुकीचे उद्यान नेऊन बसवायचे नाही, तेवढे तारतम्य मला आहे. पण ओळखीच्या जागी पुन्हा जाण्याचे सुख आपल्याला परके नाही, एवढेच म्हणणे आहे.

आमच्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. माझे सासरे गिरणीत होते. गावची जमीन त्यांच्या हयातीतच गेली, घर पडले. त्यामुळे ‘सुट्टीत गावी जाणे’ हे सुख आमच्या मुलीच्या वाट्याला आलेच नाही. ज्या वाटेवरचे वळण आले की ‘आलं, आलं’ म्हणून ओरडावे, अशी वाट तिला खोपोलीचीच ठाऊक. गावाची जागा उद्यान घेऊ शकत नाही, हे मान्य. पण मुलांना वर्षातून एकदा परत जायला कुठेतरी एक ठिकाण हवे असते, हेही खरे.

अशा उद्यानांचा इतिहास पाहिला तर ती पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठीच रचलेली दिसतात. कोपनहेगनचे तिव्होली उद्यान १८४३ साली उघडले आणि आजही चालू आहे. एकदा पाहून संपणारी जागा पावणेदोनशेहून जास्त वर्षे टिकत नाही. १९५१ मध्ये वॉल्ट डिस्ने ते पाहून गेले होते. त्यांच्या स्वतःच्या उद्यानाची कल्पना मात्र लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमधली. सुट्टीच्या दिवशी ते आपल्या दोन मुलींना तिथल्या चक्रीपाळण्यावर घेऊन जात. मुली पाळण्यावर आणि वडील बाकावर, असे कितीदा तरी झाले. बाकावर बसल्याबसल्या त्यांच्या मनात आले की, मुलांनी खेळायचे आणि आईवडिलांनी नुसते बसायचे असे का? दोघांना मिळून रमता येईल अशी जागा का असू नये? १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. म्हणजे ही कल्पनाही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या बापालाच सुचली! "तुम्हा मोठ्यांना तिथे काय?" या प्रश्नाला हे एक उत्तर आहे.

त्याच डिस्नेलँडमध्ये एका गृहस्थांनी १ जानेवारी २०१२ पासून रोज जायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती, हाताशी वर्षाचा पास होता आणि मन उभारी धरावे म्हणून काहीतरी हवे होते. पुढे नोकरी लागली, पण जाणे थांबले नाही. करोनामुळे मार्च २०२० मध्ये उद्यान बंद झाले तेव्हा त्यांच्या सलग २,९९५ फेऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यापुढे आमच्या अकरा फेऱ्या म्हणजे किस झाड की पत्ती!

आता आमच्या घरातले सांगते. माझे यजमान अबोल. कारखान्यात पाळीची नोकरी, डोक्यावर जबाबदारी, घरीही आवाज चढवणार नाहीत. ‘नायट्रो’ नावाचा एक अजस्र पाळणा तिथे आहे. त्यात पायांखाली काही नसते, पाय अधांतरी लोंबत असतात आणि गाडी माणसाला उलटेपालटे करते. त्यावर हा माणूस पोटातून ओरडतो. उतरल्यावर चेहरा असा हलका झालेला असतो की विचारू नका. वर्षातून एकदा मोकळेपणी ओरडायला जागा मिळते, हे त्यांचे स्वतःचे म्हणणे.

आणि मुलीचे? पाळण्याच्या दाराशी उंची मोजायची खूण असते, तिच्याहून बुटक्या मुलांना आत सोडत नाहीत. दरवर्षी ती त्या खुणेपाशी ताठ उभी राही आणि दरवर्षी खट्टू होऊन मागे फिरे. ज्या वर्षी डोके खुणेच्या वर गेले, त्या वर्षी आत गेल्यावर तिला भीती वाटली आणि तिने माझा हात धरला. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तेच समोर आल्यावर भीती वाटते, हे तिला तिथे कळले. एका फेरीत हे काही दिसले नसते.

इतके सगळे आपल्या बाजूचे सांगितल्यावर दुसरी बाजू सांगणे भाग आहे. सगळीच टीका पोकळ नसते.

२०१९ च्या दिवाळीआधी मोठे दीर घरी आले आणि यजमानांना बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आईच्या डोळ्याचं काय झालं? तिकिटं काढलीस म्हणे." सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आम्ही ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकलले होते. घाई नाही, असे त्या स्वतःच म्हणत होत्या. मला मात्र दिरांचा भयंकर राग आला. आमच्या सुट्टीवरच सगळ्यांचा डोळा कसा, असे मी बोलूनही गेले. दोन दिवसांनी सासूबाई तांदूळ निवडत होत्या आणि खडे तसेच ताटात राहत होते. ते पाहिले आणि राग उतरला. त्यांनी घाई नाही म्हटले होते ते नातीची सहल बुडू नये म्हणून. आम्ही तिकिटांची तारीख पुढे नेली आणि आधी डोळा करून घेतला. दीर बोलले नसते तर आम्ही कदाचित ते ध्यानातही घेतले नसते.

तेव्हापासून टीकेची मी निवड करायला शिकले. काहीजण नुसती चेष्टा करतात, त्यांना आपल्या उत्तराशी काही देणेघेणे नसते. त्यांच्याबरोबर हसावे आणि विषय सोडावा. त्यांना पैशांचा हिशेब देत बसू नये. काहींना खरोखर कुतूहल असते, त्यांना खरे सांगावे, पण "तुम्हीही चलाच" म्हणून गळ घालू नये. आपली आवड पटवून देण्याचा ध्यास घेतला की आपणही टीकाकारांइतकेच कंटाळवाणे होतो. आणि थोडे जण असतात ज्यांना काळजी वाटते. त्यांचे बोलणे सर्वांत जास्त झोंबते आणि तेच नीट ऐकावे लागते. कर्ज काढून चाललो आहोत का? घरातल्या कुणाची गरज मागे पडते आहे का? मुलांना अजून जायचे आहे, की आपल्याच हौसेसाठी त्यांना नेतो आहोत? या तीन प्रश्नांची उत्तरे स्वच्छ असली, तर बाकीच्या जगाने कितीही वेळा ‘परत तिथेच?’ म्हटले तरी बिघडत नाही.

आणि एक पथ्य. दुसऱ्याच्या आवडीला आपण हसायचे नाही. दुबईला जाणाऱ्या नणंदेला ‘नुसता खरेदीचा सोस’ म्हणून मीही मागे नावे ठेवली होती, ते आता आठवले की ओशाळायला होते. तिची ती हौस, माझी ही.

महडचे निमित्त मी सोडून दिले. दर्शनाला जातो तेव्हा दर्शनाला गेलो म्हणून सांगते, उद्यानात जातो तेव्हा उद्यानात. पहिल्यांदा सांगताना जीभ जरा अडखळली. दुसऱ्यांदा नाही. लेकही मग उघडपणे सांगू लागली. मुले आपले बोलणे ऐकून शिकतात, तशी आपले धैर्य पाहूनही शिकत असावीत.

आता ती अकरावीला आहे. परवा संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आई, यंदा सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर जाऊ? आम्ही पाचजणी. तुम्ही नको."

"कुठे?" मी विचारले.

"खोपोलीला."

माझ्या मनात एकदम किती गोष्टी आल्या. आमची सकाळची लोकल, आमचा ठरलेला बाक, ती उंचीची खूण. आणि ‘तुम्ही नको’ हे दोन शब्द. जरा राग आला, जरा वाईट वाटले आणि तोंडातून शब्द निघतच होते, "परत तिथेच?"

ते तसेच गिळले. म्हटले, "जा. छत्री ने, आणि पोचल्यावर फोन कर."