एक्सप्लेनर : नव्या एअर रायफलसाठी छर्रे कोणते घ्यावेत? डब्यावरच्या वेगाला भुलू नका

नवी एअर रायफल घरी आली की पहिला प्रश्न येतो तो छर्र्यांचा. दुकानात चार-पाच प्रकारचे डबे समोर येतात. एकावर ‘हाय स्पीड’, दुसऱ्यावर ‘पॉवर’, तिसऱ्यावर टोकदार छर्र्याचं चित्र. गिऱ्हाईक बहुतेक वेळा सगळ्यात जोरदार दिसणारा डबा उचलतो. तिथेच गणित चुकतं.

मालवण तालुक्यातल्या धामापूरसारख्या गावात हा प्रश्न आणखी थोडा अवघड आहे. कोकणातल्या वाड्यांवर एअर रायफल मुख्यतः दोन कारणांनी येते. घरातल्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकायची असते, नाहीतर नारळ-केळीच्या बागेत माकडांनी उच्छाद मांडलेला असतो. दुकानदार दोघांनाही एकच डबा देतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : कागदावर नेम धरायचा असेल, तर योग्य छर्रा निवडता येतो आणि त्याची पद्धत सोपी आहे. माकडासाठी मात्र योग्य छर्रा नावाची गोष्टच नाही. का, ते समजून घेऊ.

छर्रा काम कसं करतो?

एअर रायफलचा नेहमीचा छर्रा मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. या आकाराला डायबोलो म्हणतात. पुढचं डोकं भरीव असतं. मागचा भाग पोकळ आणि घंटेसारखा पसरलेला असतो, त्याला ‘स्कर्ट’ म्हणतात. खटका ओढला की दाबलेली हवा या पोकळ भागात शिरते, मऊ शिसं किंचित फुगतं आणि नळीला घट्ट बसतं. त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. नळीच्या आतल्या पीळदार खाचा छर्र्याला गिरकी देतात आणि तो सरळ जातो.

म्हणजे छर्रा आणि नळी यांची जोडी जमावी लागते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे मानवतात, ते यामुळेच. मित्राच्या रायफलीत उत्तम चाललेला डबा तुमच्याकडेही तसाच चालेल, याची खात्री नाही.

पहिली गोष्ट : व्यास

डब्यावर आधी ४.५ मिमी म्हणजेच ०.१७७ इंच लिहिलंय का, ते पाहा. शस्त्र नियम, २०१६ नुसार व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ५.५ मिमी म्हणजे ‘पॉइंट टू टू’ या मर्यादेबाहेर जाते. ‘थोडी मोठी घ्या, जोरात लागते’ असा सल्ला कोणी दिला, तर तो सल्ला तुम्हाला परवान्याच्या भानगडीत नेणारा आहे, हे लक्षात असू द्या.

स्पर्धेच्या छर्र्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे बारीक आकडेही असतात. ते डोक्याचे व्यास. नवशिक्याने ४.५० पासून सुरुवात केली तरी पुरे.

दुसरी गोष्ट : तोंडाचा आकार

- चपटं तोंड : कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतं. गुण मोजायला सोपं. १० मीटरच्या स्पर्धांमध्ये हाच छर्रा वापरतात.
- गोल तोंड : हवेचा विरोध कमी. २५-३० मीटरसारख्या लांब अंतरावर जास्त स्थिर.
- टोकदार : दिसायला जोरदार. पण टोक जरा जरी मध्यावरून सरकलेलं असलं, तरी नेम बिघडतो. स्वस्त डब्यांत हे हमखास आढळतं.
- पोलादी गोळ्या : पीळदार नळीत अजिबात नको. खाचा खराब होतात आणि कठीण वस्तूवर आपटून गोळी उलटी येते.

परसात १० मीटरवर सराव करणार असाल, तर उत्तर एकच : चपट्या तोंडाचा, शिशाचा छर्रा.

तिसरी गोष्ट : वजन, आणि वेगाची जाहिरात

इथे शाळेतलं भौतिकशास्त्र कामाला येतं. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. नेहमीच्या स्पर्धेच्या छर्र्याचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम असतं. २० ज्यूलच्या मर्यादेत राहून या छर्र्याला जास्तीत जास्त सेकंदाला २७५ मीटर, म्हणजे सुमारे ९०० फूट वेग देता येतो.

मग खोक्यावर १,२०० फुटांचा आकडा कुठून येतो? छर्रा हलका करून. ०.३० ग्रॅमचा हलका छर्रा वापरला, तर त्याच २० ज्यूलमध्ये वेग ३६५ मीटरवर, म्हणजे जवळपास १,२०० फुटांवर जातो. रायफलीची ताकद तेवढीच, फक्त आकडा मोठा. कोकणच्या उकाड्यात हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. छर्रा त्याच्या वर गेला की डगमगतो आणि नेम पसरतो.

स्प्रिंगच्या रायफलीत आणखी एक तोटा आहे. छर्रा फार हलका असेल, तर पिस्टनला पुरेसा अडथळा मिळत नाही आणि तो जोरात आदळतो. स्प्रिंग आणि सील दोन्ही लवकर खराब होतात. फार जड छर्राही स्प्रिंगला मानवत नाही. म्हणून ०.४५ ते ०.५५ ग्रॅम, म्हणजे ७ ते साडेआठ ग्रेन या टप्प्यात राहावं.

आता उलट बाजू पाहा. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ज्यात जगज्जेता झाला, त्या प्रकारातल्या रायफलींतून छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल. लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. जगातली सर्वात अचूक एअर रायफल वेगवान नसते, हे त्या दुकानातल्या डब्यांवर कुठेच लिहिलेलं नसतं.

चौथी गोष्ट : स्वतः चाचणी घ्या

मोठा डबा एकदम घेऊ नका. तीन-चार प्रकारचे छोटे डबे आणा आणि असं करा :

१. १० मीटरवर कागद लावा. बसून, हाताखाली उशी किंवा वाळूची पिशवी घेऊन नेम धरा. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळू नका, तळहातावर नुसती टेकवा.

२. डबा बदलला की पहिले दहा छर्रे मोजू नका. नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते.

३. मग प्रत्येक प्रकाराचे दहा छर्रे वेगळ्या कागदावर मारा.

४. सर्वात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. हा तुमचा ‘ग्रुप’.

ग्रुप सर्वात लहान ज्याचा, तो छर्रा तुमच्या रायफलीचा. सगळी भोकं मध्यापासून दूर पण एकमेकांजवळ असतील, तर छर्रा चांगलाच आहे, फक्त साइट फिरवून जुळवायची. भोकं कागदभर पसरली असतील, तर साइट कितीही फिरवा, उपयोग नाही. सुरुवातीला दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तरी पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही.

लक्ष्य चिऱ्याच्या गडग्यावर किंवा भिंतीवर लावू नका. छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो. लाकडी खोक्यात जुने कपडे किंवा वाळू भरा, पुढे पुठ्ठा लावा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. वाड्यांमधून पायवाटा असतात आणि चुकलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. मागे काय आहे, ते आधी बघा.

माकडांसाठी कोणता छर्रा?

कोणताही नाही. कोकणातली लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं दोन्ही वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतात. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. मारण्याचा प्रयत्न आणि जखमी करणंही त्यातच येतं. ‘नुसता घाबरवायला मारला’ हा बचाव ठरत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी तंत्र तेच सांगतं. १०-१५ ज्यूलचा छर्रा माकडाला बहुधा मारत नाही, तो अंगात रुततो. जखम चिघळते आणि जनावर कुठेतरी झाडीत हाल होऊन पडतं. टोळी मात्र पुन्हा बागेत येते. छर्रा न भरता नुसता बार काढावा म्हटलं, तर स्प्रिंगची रायफल तशी वापरल्याने खराब होते.

बागायतदाराचा राग खोटा नाही. डोळ्यांदेखत शहाळी कुरतडून खाली टाकली जातात, तेव्हा शहरातल्या ऑफिसात बसून कायदा सांगणं सोपं असतं. माकडांनी केलेल्या नुकसानीला भरपाई देण्याची तरतूद राज्यात आहे. नुकसानीचे फोटो काढून लगेच वनविभागाकडे अर्ज करा, १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. ही भरपाई वेळेवर आणि नुकसानीच्या प्रमाणात मिळावी, यासाठी ग्रामसभांनी जोर लावायला हवा. सरकारने ते काम नीट केलं, तर बागेसाठी एअर रायफल घेण्याची वेळच कमी लोकांवर येईल.

शिसं विसरू नका

पाचशे छर्र्यांच्या एका डब्यात सुमारे २६५ ग्रॅम शिसं असतं. ते विषारी आहे. छर्रे तोंडात धरायची सवय असेल, तर आजच सोडा. सरावानंतर साबणाने हात धुवा, वापरलेले छर्रे खोक्यातून गोळा करा. डबा मुलांपासून दूर ठेवा. पावसाळ्यात तो घट्ट बंद ठेवा, दमट हवेत छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते.

आणि पाण्यावर कधीच नेम धरू नका. छर्रा पाण्यावरून उसळतो, आणि तळाशी गेला तर तिथेच राहतो. पाणपक्षी खडे समजून शिसं गिळतात आणि विषबाधेने मरतात. धामापूरचा तलाव १५३० मध्ये बांधलेला, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेलेला. पाचशे वर्षं गावाला पाणी देणाऱ्या तलावात आपण शिसं टाकायचं का, याचं उत्तर तज्ज्ञाला विचारावं लागत नाही.

मग करायचं काय?

रायफल घेताना तीन गोष्टी सोबत घ्या : चपट्या छर्र्यांचे छोटे डबे, छापील लक्ष्यांचा गठ्ठा आणि डोळ्यांचा चष्मा. दुकानदारांनीही छर्र्यांसोबत लक्ष्याचे कागद ठेवावेत. माझी एक मागणी प्रशासनाकडेही आहे. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. एक लांब हॉल, भक्कम मागची भिंत आणि एक प्रशिक्षक पुरतो. तालुक्याला अशी एक रेंज झाली, तर वाडीवरच्या पोरांच्या हातातली रायफल झाडाकडे न वळता कागदाकडे वळेल.