गेलेल्या खेळाडूचे देणे

आपल्याकडे मोठेपण मिळविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मरणे. जिवंतपणी ज्याला चौकात कोणी चहा विचारीत नाही, तोच दुसऱ्या दिवशी त्याच चौकात दहा फूट फलकावर 'महान' होऊन उभा राहतो. पुढारी, नट, कीर्तनकार, कोणीच यातून सुटत नाही. पण जुन्या फुटबॉल खेळाडूच्या वाट्याला जी श्रद्धांजली येते, तिच्याइतकी पोकळ वस्तू दुसरी नसेल. दिवाळीच्या मंगल दिवसांत मरणाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. आपल्या वाडवडिलांनी पितृपंधरवडा दिवाळीच्या आधी घातला आहे, तो उगीच नव्हे. गेलेल्यांचे देणे फेडावे आणि मग फराळाला बसावे, हीच आपली रीत.

प्रथम तो फलक पाहा. वर कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा तो बिचारा, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून वीस हसरे चेहरे! काळा चष्मा लावून, हात जोडून शोक करण्याची ही तऱ्हा कोणत्या शास्त्रात सांगितली आहे? मग येतो सामना. खेळाडू मैदानाच्या मध्यभागी माना खाली घालून उभे राहतात. दोन मिनिटे म्हणावयाची, ती एकातच आटोपतात. आणि तेवढ्यातही समोरच्या गर्दीतून कोणी तरी शीळ घालतो. का? तर गेलेला आपल्या तालमीचा नव्हता!

'तुम्ही आष्ट्याचे लोक. तुमचा मुलूख कुस्तीचा. फुटबॉलच्या गोष्टी तुम्ही कशाला सांगता?' असे कोणी म्हणेल. पण कुस्तीच्या मुलखातला म्हणूनच बोलतो. शेजारच्या कोल्हापुरातील नामांकित फुटबॉल संघांची नावे वाचा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉल विलायती खरा, पण कोल्हापुरात तो तालमींच्या अंगणात वाढला. मग तालमीची रीत त्याला नको काय? पैलवान आखाड्यात उतरतो तो मातीला हात लावून आणि जोडीदाराशी हात मिळवून. ज्याच्याशी झुंजावयाचे त्याचा मान आधी, हा तालमीचा पहिला धडा आहे. आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. त्यांचा अभिमान वाटताना इकडच्या माणसाने तालीम कोणती, वस्ताद कोण, हे विचारले काय? शाहू स्टेडियमवर मात्र मेलेल्या माणसाची पेठ विचारली जाते.

बरे, ज्याच्यासाठी माना खाली घालावयाच्या त्याचे कर्तृत्व तरी आपल्याला ठाऊक असते काय? विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझील अशा वाटल्या जातात. पोरांना परदेशी खेळाडूंच्या बुटांच्या किमती तोंडपाठ असतात. त्याच पोरांना नेव्हिल डिसोझा कोण, हे विचारून पाहावे. मुंबईच्या मैदानांवर नाव काढलेला, मूळ गोव्याचा हा गडी. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. नेव्हिल १९८० साली गेला. ज्याने काय केले हेच माहीत नाही, त्याच्यासाठी राखलेली शांतता म्हणजे नुसते गप्प बसणे होय.

'आम्ही भावनेने करतो, पदरचा पैसा घालतो. तुमच्या पोटात का दुखते?' असा प्रतिप्रश्न येतो. दुखते याचसाठी, की तो पैसा गेलेल्यावर खर्च होत नाही. खाली छापलेल्या वीस चेहऱ्यांवर होतो. श्रद्धांजलीची कसोटी सोपी आहे. ती वाहताना आपल्या पदराला झीज लागली काय? आणि तिचा लाभ दुसऱ्या कोणाला झाला काय? दोन्ही उत्तरे 'नाही' अशी आली, तर ती जाहिरात समजावी.

दुसरा युक्तिवाद असा, की खेळाडूंचा सन्मान हे सरकारचे काम आहे. या युक्तिवादाला आपल्याच मातीतले उत्तर आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्या मिरवणुकीला निघाल्या. पुढे कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते ऋण फेडले. याला म्हणतात सन्मान! सरकारचे काय झाले? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर. जाहीर झालेली कुस्ती अकादमी गावात उभी राहीना, म्हणून २०१७ साली ते पदक लिलावात काढण्याची भाषा घरच्या माणसांना करावी लागली. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळतात. उशिरा का होईना, चांगले झाले. पण प्राचार्यांनी सरकारची वाट पाहिली असती, तर पाळावयाला तो दिवसच उरला नसता.

मग फुटबॉलच्या चाहत्यांनी करावे काय? कलकत्त्याकडे पाहा. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात दंगल झाली आणि १६ चाहते प्राणांस मुकले. त्यांच्या स्मृतीसाठी तिकडे त्या दिवशी फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. सांडलेल्या रक्ताची आठवण रक्त देऊन! याहून नेमकी श्रद्धांजली मला तरी सुचत नाही. आणि आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे पाहा. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी दरवर्षी देशभरचे तरुण क्रिकेटपटू झुंजतात. पुतळ्यावर धूळ बसते. खेळात गुंफलेल्या नावावर बसत नाही.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. जुना खेळाडू गेला, तर पहिला हार प्रतिस्पर्धी संघाच्या कप्तानाने घालावा, आणि शांतता पाळली जाते की नाही, याची राखण प्रतिस्पर्ध्यांच्याच चाहत्यांनी करावी. ज्याने आयुष्यभर आपल्या बचावफळीला घाम फोडला, त्याची थोरवी आपल्याइतकी कोणाला कळणार? फलक लावावयाचाच तर एक, आणि त्यावर नाव एकच, त्याचे. बाकीच्या फलकांचा पैसा दोन ठिकाणी जावा: गल्लीतल्या अनवाणी पोरांच्या बुटांसाठी, आणि हयात असलेल्या जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी. ज्याचा गुडघा आपल्या टाळ्यांसाठी झिजला, त्याच्या गुडघ्याचा खर्च तो जिवंत असतानाच विचारावा.

आणि एक काम तर फुकटाचे आहे. सुटीत घरी आलेल्या मुलांना पेठेतल्या एखाद्या म्हाताऱ्या खेळाडूकडे पाठवा. सोबत फराळाचा डबा द्या आणि कोरी वही द्या. कोणता सामना, कोणते साल, चेंडू कोणी दिला, गोल कोणी केला, जुन्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे सारे लिहून घ्या. पुढे त्या माणसासाठी दोन मिनिटे उभे राहावे लागेल, तेव्हा त्या पोरांच्या डोळ्यांपुढे निदान काही तरी उभे राहील.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतो. घेणे लिहितो तसे देणेही लिहितो, आणि देणे बुडविणाऱ्याची पेढी बाजारात टिकत नाही. आपल्या तालमींनी, मंडळांनी आणि आपण प्रेक्षकांनीही या दिवाळीत अशी एक वही घालावी. देण्याच्या बाजूला आधी हयात असलेल्यांची नावे लिहावीत. फलक पुढच्या पावसात भिजतील. ही वही मात्र दर दिवाळीला उघडून हिशेब मागेल.