जामीन झाला, पोरगा मात्र आतच

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व 12 जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा आपल्या घराघरांत त्याची चर्चा झाली. 19 वर्षं गेली. त्या 12 पैकी एक जण तर 2021 मध्येच नागपूर कारागृहात असताना वारला होता. नंतर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. अशा खटल्यांत जमियत उलेमाने आणि मरहूम गुलजार आझमी साहेबांनी किती वर्षं धावपळ केली, हे आपल्याला माहीत आहे.

आज आम्हाला वेगळ्या कैद्याबद्दल लिहायचं आहे. ज्याचं नाव पेपरात एकदा चार ओळींत येतं आणि विसरलं जातं. धामणगाव बढेसारख्या गावातला विशी-बाविशीतला पोरगा. मारामारीत, मोबाईल चोरीत किंवा जमावाच्या गुन्ह्यात नाव आलेला. गुन्हा केला की नाही ते कोर्ट ठरवील. तो आत जातो तेव्हा अख्ख्या गावाला कळतं. तो बाहेर येईल तेव्हा काय, याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो, ना सरकारने, ना आपण.

राज्य अल्पसंख्याक आयोगाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी 2011 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. राज्याच्या लोकसंख्येत आपण साधारण साडेअकरा टक्के, आणि कारागृहांत मात्र एक तृतीयांशाच्या वर. 339 कैद्यांशी बोलून त्यांना दिसलं की बहुतेकांचा टोळ्यांशी किंवा दहशतवादाशी काही संबंध नव्हता. दर चारपैकी जवळजवळ तिघे पहिल्यांदाच अटक झालेले होते. बहुतेक तरुण, कमी शिकलेले, गरीब. या अभ्यासाच्या नावातच ‘पुनर्वसनाच्या गरजा’ असे शब्द होते. आपण त्यातली टक्केवारी भाषणात वापरली आणि पुनर्वसन तिथेच राहिलं.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिलाईचे कारखाने आहेत. मुक्त विद्यापीठांची केंद्रं आहेत. 1 मे 2022 पासून येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू झाली. कैद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याज, जामीनदार लागत नाही, हप्ता कैद्याच्या आतल्या कमाईतून. चांगली योजना आहे. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. आटपाडीच्या स्वतंत्रपूरला तर 1939 पासून खुली वसाहत आहे, जिथे कैदी बायको-मुलांसह राहून शेती करतात. (‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा तिच्यावरून सुचला.)

पण हे सगळं शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. आणि आत आहेत कोण? 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही. शंभरात शहात्तर. कच्च्या कैद्याला काम सक्तीचं नाही, आणि तो उद्या सुटेल की वर्षाने हे कोणालाच माहीत नसल्याने त्याला कशात गुंतवायलाही कोणी बसत नाही. त्यात तो जिल्हा कारागृहात असतो. मोठे कारखाने, कॉलेजची केंद्रं मुख्यतः मध्यवर्ती कारागृहांत. म्हणजे ज्याला हात द्यायची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापर्यंत योजना पोचतच नाही. दीड-दोन वर्षं तो नुसता बसून काढतो, आणि शेजारी कोण बसतं यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

म्हणून आमच्या मते अशा पोराचं पुनर्वसन जामिनापासून सुरू होतं, आणि जामीन बहुतेक वेळा अडतो तो गावात.

जज्जसाहेब जामीन मंजूर करतात. अट असते जामीनदाराची. वकीलसाहेब सांगतात, सातबारावाला माणूस आणा, ऐपतीचा दाखला आणा. भूमिहीन मजुराच्या घरी सातबारा कुठून येणार? अम्मी चार घरी जाते. लोक नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार शोधला जातो, नाहीतर पोरगा आतच राहतो. 1978 मध्ये मोतीराम खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी गवंडीकाम करणाऱ्या गरिबाकडून 10 हजारांचा आणि त्याच जिल्ह्यातला जामीन मागण्यावर ताशेरे ओढले होते. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सूचना दिल्या. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. हे आपल्या किती घरांना माहीत आहे? त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात जामिनाची रक्कम भरायला 40 हजारांपर्यंत आणि दंड भरायला 25 हजारांपर्यंत मदत ठेवली. अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराची प्रकरणं सोडून. निर्णय जिल्ह्याची समिती घेते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 तर मोठी गोष्ट आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. अर्ज अधीक्षकाने करायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ते नाही. आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त केसेस चालू आहेत त्यालाही नाही. ही दुसरी अट आम्हाला जाचक वाटते. एकाच रात्रीच्या भांडणातून दोन गुन्हे नोंदले गेले की पोरगा सवलतीतून बाद.

कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. 15100 वर फोन लावायचा. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील, हा समज आपल्याकडे फार आहे. जमीन गहाण टाकून खासगी वकील करण्याआधी एकदा तिकडे जाऊन तर बघा.

आता आपल्या पैशांबद्दल. रमजानमध्ये आपल्या तालुक्यांतून किती जकात निघते ते सगळ्यांना दिसतं. कुरआनने सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले. त्यात माना सोडवणं आहे, कर्जात बुडालेले आहेत. गरीब कैद्याच्या जामिनाला ही रक्कम चालते का, हे आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावं. जकात नाही तर सदका, बैतुलमाल आहेच. आठव्या शतकात इमाम अबू युसूफ यांनी खलीफा हारून रशीदसाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’मध्ये कैद्यांना महिन्याचा भत्ता आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे द्या, त्यांना भीक मागायला लावू नका, असं बजावलं आहे. त्यात कैदी कोणत्या गुन्ह्याचा, असा सवाल नाही.

सातबारावाल्या भाईंची भीतीही आम्ही समजू शकतो. पोरगा पळाला तर आपल्या गळ्यात. पण जामीनदार फक्त हजर राहण्याची हमी देतो, ती बाँडच्या रकमेपुरती. गुन्ह्याची पाठराखण करत नाही. शिवाय नको वाटलं तर कोर्टाला अर्ज करून मोकळं होता येतं. जमातीने चार-पाच जणांची यादी केली, एकाने तारखा वहीत लिहिल्या आणि मोताळा, मलकापूर किंवा बुलढाण्याला तारखेच्या दिवशी पोराला स्वतः घेऊन गेलं, तर पळण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. तारीख चुकली की वॉरंट निघतं. अनेक पोरं पळत नाहीत, त्यांची तारीखच चुकते.

बाहेर आल्यावर काम. गॅरेजवाले, फर्निचरवाले, ठेकेदार आपलेच आहेत. ‘आधी बघतो कसा राहतो’ म्हणतात. तो काम नसताना चांगला कसा राहणार? पहिल्या छोट्या गुन्ह्यात दोषी ठरला तरी 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वागणुकीच्या हमीवर तो सुटू शकतो, आणि त्याच कायद्याचं कलम 12 सांगतं की अशा दोषी ठरण्याला कायद्याने जोडलेली अपात्रता लागणार नाही. वकिलाला हे आठवण करून द्यावं लागतं.

लांब शिक्षा झालेल्याला फर्लो किंवा पॅरोल हवा असतो तेव्हा गावातल्या पोलीस ठाण्याचा अहवाल जातो आणि नातेवाईक हमीला लागतो. तिथेही गाव काय बोलतं ते महत्त्वाचं.

आणि मुलं. ज्यांचे अब्बा आत आहेत, त्यांच्यासाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. महिन्याला 2,250 रुपये, शिक्षण आणि सांभाळासाठी. अर्ज बुलढाण्याच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समितीची. आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, बापाच्या कारागृहात असण्याचा दाखला असे कागद लागतात. आपल्या उर्दू शाळेतल्या एखाद्या सरांनी मनावर घेतलं तर एका दुपारी फॉर्म भरून होतो.