खोकल्याचे विचारायचे कोणी?

क्षयमुक्त भारताची 2025 ची मुदत उलटून गेली. 2015 ते 2024 या काळात नव्या रुग्णांचे प्रमाण लाखामागे 237 वरून 187 वर आले, याचे ढोल बडवले जात आहेत. ही घट 21 टक्क्यांची. उद्दिष्ट 80 टक्क्यांचे होते. घट झाली, हे मान्य. पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या पोटुशी बाईला त्या आकड्याचा काय आधार?

ती तपासणीला येते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या. खोकला किती दिवसांचा, अंगात कसर असते का, रात्री घाम येतो का, हे कोणी विचारायचे? वजन वाढत नाही, धाप लागते, जेवण जात नाही. ‘दिवस गेलेत, होणारच’ म्हणून तिला परत पाठवणे हा गुन्हा आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीत क्षयाची चौकशी व्हावी, असा आराखडा केंद्राने 2021 मध्येच काढला. त्यासाठी यंत्र लागत नाही, चार प्रश्न लागतात. संशय आला तर बेडक्याची तपासणी, आणि गरज पडल्यास पोट झाकून एक्स-रे. क्षयाची नेहमीची औषधे गरोदरपणात देता येतात. स्ट्रेप्टोमायसिन टाळायचे, कारण ते गर्भाच्या कानांवर घाला घालते. बाळाला बाधेल या धास्तीने उपचार थांबवणे आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवावर बेतते.

बाळ झाल्यावर तर हेळसांड आणखी महाग पडते. बीसीजी टोचली की काम संपले, असे नाही. आईला फुप्फुसाचा क्षय असेल तर बाळाला तो नाही याची खात्री करून सहा महिने आयसोनियाझिड द्यावे लागते, किलोमागे 10 मिलिग्रॅम. अडीच किलोच्या बाळाला 100 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. वजन वाढले की मात्रा बदलायची. आईने तोंडाला मास्क बांधून अंगावर पाजत राहायचे. बाळाला आईपासून तोडायचे नाही.

आता हा चतकोर वीटभट्टीवर कोण मोजणार? दिवाळी झाली की उचल घेतलेली कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नाव पाड्याच्या आशाताईच्या वहीत, बाई भट्टीवर. आईची नोंद क्षय विभागात, बाळाची लसीकरणात. या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून बाळ सुटते. त्यात मार्च 2024 मध्ये औषधांचाच तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. क्षयाच्या औषधात खंड म्हणजे काय, हे दिल्लीला ठाऊक नव्हते काय?

आणि पोटाचे काय? रुग्णाच्या घरच्यांना पुरेसा आहार दिला तर त्यांच्यातला क्षय जवळपास 40 टक्क्यांनी कमी होतो, हे झारखंडमधल्या अभ्यासातून 2023 मध्ये सिद्ध झाले. सरकार रुग्णाला महिन्याला 1000 रुपये देते. तेवढ्यात गरोदर बाईचे दूध, अंडी, डाळ भागते का? त्यात भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन वणवणतात. पोटुशी बाईही त्यातच असते.

आम्हाला नवी मोहीम नको. बिऱ्हाड हलण्याआधी गरोदर आणि बाळंत बायांची तपासणी करा. उपचार सुरू असलेल्या बाईचे नाव भट्टीच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून कळवा. तिथल्या परिचारिकेने आठ दिवसांत भट्टीवर जाऊन बाळाचे वजन केले पाहिजे, आणि आई-बाळाचे महिन्याचे औषध तिच्या पिशवीत असले पाहिजे.